पोत्यावर गावाचं नाव लिहा : जैवविविधता मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या इतवारी बाजारात काष्ठौषधींचा, म्हणजे सुक्या जडीबुटीचा, धंदा करतो. वडिलांनी सुरू केलेलं दुकान आहे. हिरडा, बेहडा, आवळकाठी, नागरमोथा, कुड्याची साल, शतावरी, गुळवेल, बिबे, वावडिंग असा सगळा सुका माल. गिऱ्हाइकांत वैद्य आहेत, सुनेच्या बाळंतकाढ्यासाठी येणाऱ्या सासवा आहेत, आयुर्वेद कॉलेजातली पोरं नमुने मागायला येतात, आणि मोठा माल औषध कारखान्यांच्या दलालांकडे जातो. ज्या शहरात एका चौकाचं नावच औषध कंपनीवरून पडलं आहे, तिथं जडीबुटीचं कौतुक नवं नाही. आपलं कार्यालय माझ्या दुकानापासून फार दूर नाही. येऊन भेटलो असतो. पण गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांबद्दल आणि रानातून येणाऱ्या मालाबद्दल जे सांगायचं आहे ते माझ्या धंद्यातल्या मंडळींना, विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आणि ग्रामसभांनाही ऐकू जावं, म्हणून पत्र खुलं ठेवलं.

व्यापाऱ्यानं आदिवासींचं ज्ञान जपायच्या गोष्टी कराव्यात, हे काहींना चोराच्या उलट्या बोंबा वाटेल. वाटू द्या. जंगलातून शहरात येताना मालातून काय काय गळून पडतं, ते रोज पाहणारा माणूस मीच आहे.

हिरड्याचं उदाहरण घ्या. झाड एकच, पण फळ कधी उतरवलं यावर त्याचं नाव, भाव आणि काम बदलतं. आत बी धरण्याआधीचा तो बाळहिरडा, पूर्ण पिकलेला भरीव तो सुरवारी, आणि मधला चांभारी. बाजारात अजून या तीन नावांनी माल विकला जातो, म्हणून निदान एवढं तरी ज्ञान टिकलं. बाकी बहुतेक झाडांच्या बाबतीत असं काही राहिलेलं नाही. साल म्हणजे साल, मूळ म्हणजे मूळ. झाडाच्या कोणत्या बाजूची, किती जुन्या झाडाची, कोणत्या महिन्यातली, हे पोतं आणणाऱ्या टेम्पोवाल्याला माहीत नसतं आणि मी विचारलं तर तो हसतो.

सफेद मुसळीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. पहिला पाऊस झाला की जमिनीतून पानांचा झुबका वर येतो, पांढरी फुलं लागतात, आणि आश्विन लागेपर्यंत पानं पिवळी पडून झडू लागतात. मग वर काहीच दिसत नाही. मुळ्या मात्र त्यानंतर पिकतात, जमिनीच्या पोटात, साल तपकिरी होईपर्यंत. म्हणजे झाड दिसतं तेव्हा मुळी कच्ची, आणि मुळी पिकते तेव्हा झाड बेपत्ता. देवलापारकडची एक गोंड म्हातारी पूर्वी आमच्याकडे स्वतः माल घेऊन यायची. ती पावसाळ्यात जागा हेरून ठेवायची, खूण करायची आणि थंडीत खणायची. खणल्यावरही डोळ्यासकट वरचा गड्डा मोडून परत मातीत पुरायची, म्हणजे पुढच्या पावसात तिथंच पुन्हा झुबका. एका साली माझ्या वडिलांनी तिला श्रावणातच माल आणायचा आग्रह केला, भाव चढला होता. ती म्हणाली, "आत्ताच खोदून टाकलं तं पुढच्या साली काय राहीन जी, शेठ?" आणि उठून गेली.

नंतर मुसळीची मागणी वाढली, गावोगावी लागवडीचं वारं आलं. श्रावणात खणणाऱ्यांच्या टोळ्या जंगलात शिरल्या. त्यांना झाड ओळखता येत होतं, बास. कधी खणायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. आज रानातली चांगली मुसळी मला दाखवा, मी तिला हार घालीन.

म्हाताऱ्या बाईचं ज्ञान कुठं होतं? 'मुसळी शक्तिवर्धक आहे' हे तर प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. तिच्याकडे होतं ते खुणेचं, महिन्याचं आणि हात आवरण्याचं ज्ञान. तुमच्या नोंदवहीत नेमकं हेच उतरत नाही, अशी माझी तक्रार आहे.

कायदा काय म्हणतो ते आपण जाणता, पण वाचकांसाठी थोडक्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणली, आणि २००४ च्या नियमांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं हे त्या समितीचं मुख्य काम ठरवलं. गावातली झाडं, पिकं, प्राणी आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेलं ज्ञान, सगळं तिच्यात यावं अशी कल्पना. कल्पना उत्तम. पण देशभर काम रेंगाळलं. शेवटी राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि १ फेब्रुवारीपासून चुकार राज्यांवर दरमहा १० लाख रुपयांचा बडगा उगारला. मग काय व्हायचं ते झालं. आपल्या राज्यात २८ हजारांहून अधिक समित्या आहेत. एवढ्या गावांच्या वह्या मुदतीच्या धाकानं भरल्या तर त्या कशा भरतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अशी एक भरलेली वही मी पाहिली. गावाचं नाव लिहीत नाही, आणि ती कुणी भरली हेही नाही, कारण दोष घाईचा आहे. औषधी वनस्पतींच्या तक्त्यात नोंद होती : 'कुडा – साल – पोटाचे विकार.' आता कुडे दोन. पांढऱ्या कुड्याची साल कडू, आवेवर चालते, त्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव. काळा कुडा दिसायला जवळचा, पण त्याचं बी गोडं इंद्रजव, आणि सालीला तो गुण नाही. बाजारात एकाच्या सालीत दुसऱ्याची साल मिसळून येते, हा माझ्या धंद्यातला जुना रोग आहे. रानातली बाई सालीचा तुकडा जिभेला लावते आणि सांगते कोणती ते. मी तिच्याच वळणानं शिकलो. त्या वहीत यातलं काही नव्हतं. कोणता कुडा, जून झाडाचा की कोवळ्या, साल एका बाजूनं काढायची की खोडाला वेढा घालून? वेढा घातला की झाड मेलंच, म्हणून जाणती माणसं एकाच बाजूची, वरची साल काढतात. त्या तीन शब्दांवर विसंबून कुणी जंगलात गेला तर तो एक तर चुकीचं झाड सोलेल, नाही तर बरोबर झाड मारेल.

आणि ज्यानं हे सांगितलं त्याचं नाव? 'माहिती देणारे : गावकरी.'

या 'गावकरी'वर मला जरा रेंगाळायचं आहे. या शहरात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता. त्यानं एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्याकडून, त्यांच्या लिंगो या पूर्वजाची गाथा ऐकून उतरवून घेतली. १८६३ मध्ये तो वारला, त्याचे कागद १८६६ मध्ये छापून आले. त्याच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे, आमच्या घरातली मुलं तिथं शिकली. गाथा सांगणाऱ्या परधानाचं नाव नागपुरातल्या किती जणांना सांगता येईल? हिस्लॉपसाहेबांवर राग नाही. त्यांनी उतरवून घेतलं नसतं तर तेही राहिलं नसतं. पण दीडशे वर्षांनी, स्वतंत्र देशाच्या कायद्याखाली, आपण त्याच रीतीनं लिहावं याचं वाईट वाटतं.

नाव लिहिणं हा मानपानाचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. स्थानिक लोक, वैद्य, हकीम, नोंदणीकृत आयुष चिकित्सक, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' यांना, जैविक माल धंद्यासाठी घेण्याआधी मंडळाला कळवायचं जे बंधन आहे, त्यातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे काय, तर १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ दिले आहेत त्यांच्यातून आलेलं. चरक-सुश्रुतांची ओळ दाखवली की मोकळीक. माडिया, कोरकू, कोलाम या आदिवासींचं ज्ञान कुठल्याच अनुसूचीतल्या ग्रंथात नाही, ते तोंडी आहे. म्हणजे ते वापरणाऱ्यानं नफ्यातून द्यायचा लाभाचा वाटा कागदावर अजून शाबूत आहे. पण उद्या एखाद्या कंपनीनं गडचिरोलीतल्या एखाद्या सालीपासून औषध काढलं आणि म्हणाली, हे तर ग्रंथात होतंच, तर गाव काय दाखवणार? दाखवायला फक्त ही वही. तिच्यात 'कुडा – साल – पोटाचे विकार' असं लिहिलं असेल तर दावा उभाच राहत नाही. टोला, म्हणजे गावाबाहेरची वस्ती, कोणता, सांगणारा कोण, कोणती रीत, कोणती तारीख, हे असेल तर राहील.

म्हणून पहिली मागणी : वह्यांची दुसरी फेरी करा आणि ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून नव्हे, टोल्याटोल्यात, कोलामांच्या पोडापोडात करा. समिती नेमते ग्रामपंचायत, आणि आमच्याकडच्या गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं नि त्यांचे टोले असतात. जाणता माणूस राहतो सगळ्यात आतल्या टोल्यात. वनहक्क कायदा, २००६ नं कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क मान्य केला आहे आणि तो चालवायची जागा म्हणून ग्रामसभा दिली आहे. तेव्हा वहीची मालकी ग्रामसभेची हवी, पंचायतीच्या कपाटाची नव्हे. 'त्यांना जमेल का?' असं विचारणारे भेटतात. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने गावाच्या हातात आले, आणि त्या ग्रामसभेनं लाखोंच्या बांबूचा व्यवहार चोख सांभाळून दाखवला. ज्यांना बांबूचा हिशेब ठेवता येतो त्यांना सालीची वही ठेवता येणार नाही?

दुसरी गोष्ट भाषेची. नोंद मराठी तक्त्यात भरायची म्हटली की सांगणारा निम्म्यावर येतो. माडिया माणूस मराठी बोलतो ती बाजारापुरती. रोग, अंग, मुळाची चव, पानाचा वास याचे त्याचे शब्द माडियातच आहेत. माडिया ही गोंडीच्याच घरातली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक निघाले, तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, की शाळेत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर मान्यतेच्या वादात अडकली. असो, तो वाद वेगळा. आपल्याला एवढंच करता येईल की नोंद आवाजात घ्यावी. ज्या भाषेत सांगितलं त्या भाषेत, जंगलात चालत चालत, झाडापाशी उभं राहून. तक्ता मागाहून भरा. प्रश्न विचारायला त्याच गावातली शिकलेली मुलगी-मुलगा घ्या आणि त्यांना मजुरी द्या. नागपुरातून पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं पथक नेऊन दोन दिवसांत उरकू नका. मला त्या विद्यार्थ्यांबद्दल प्रेम आहे, पण म्हातारा माणूस परक्या पोराला ओळखीची चार झाडं दाखवतो, चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

आता गुप्ततेचा प्रश्न, ज्यावर माझं मत अनेकांना पटणार नाही. सगळं उघड करून संगणकात टाका, म्हणजे कुणी पेटंट घेऊ शकणार नाही, असं म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांच्याकडे हळदीचा दाखला असतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं जुने लेखी पुरावे पुढं केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यातूनच पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, लाखो योग, म्हणजे औषधांच्या कृती, त्यात नोंदवले गेले. चांगलं काम आहे. पण ते आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांसारख्या ग्रंथांच्या परंपरांचं काम आहे. त्यात जे होतं ते आधीच छापलेलं होतं. टोल्यातल्या पुजाऱ्याचं, म्हणजे तिथल्या वैदूचं, ज्ञान छापलेलं नाही. ते छापलं की पेटंट अडेल हे खरं, पण त्याच दिवशी ते सगळ्या जगाचंही होईल आणि विचारायला कुणी गावात येणार नाही. तेव्हा वहीला दोन भाग असावेत. एक उघडा, झाडांचा, ऋतूंचा, जपणुकीच्या रीतींचा. दुसरा बंद, योगांचा आणि मात्रांचा, ज्याची किल्ली ग्रामसभेकडे राहील आणि ज्याचं अस्तित्व तेवढं मंडळाकडे तारखेसह नोंदलेलं असेल. वाद उद्भवला तर उघडायचा. मे २०२४ मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा करार झाला. जैविक स्रोत आणि त्याच्याशी जोडलेलं ज्ञान कुठून घेतलं, हे पेटंट मागणाऱ्यानं उघड करावं असं त्यात आहे. ते बंधन लागू होईल तेव्हा, कुठून घेतलं हे पडताळायला आपल्याकडे नाव-गावाची नोंद नको का?

लाभाच्या वाटपाचं नाव निघालं की सगळे केरळच्या काणी आदिवासींचं उदाहरण देतात. मीही देतो, पण पूर्ण. अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांच्या बरोबर वाट दाखवायला गेलेले काणी एक फळ खाऊन थकवा घालवत होते. ती आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय उद्यानाच्या संस्थेनं तिच्यापासून 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं, कोइमतूरच्या कंपनीला परवाना दिला, १० लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन. त्यातला अर्धा वाटा काणींसाठी ठेवला आणि १९९७ मध्ये त्यांचा न्यास नोंदवला गेला. ही झाली उजळ बाजू. दुसरी अशी की त्यांच्यातल्या काही पारंपरिक वैदूंनी, तिकडे त्यांना प्लाथी म्हणतात, आधीच विरोध केला होता. ज्ञान ज्यांनी सांभाळलं त्यांना विचारलंच नव्हतं, वाट दाखवणाऱ्यांना विचारलं होतं. शिवाय जंगलातून ती वनस्पती आणायला वनखात्याचे अडथळे आले. आपण वाटप करायला निघू तेव्हा आधी ठरवावं लागेल की सही कुणाची. जो सापडला त्याची, की जो जाणतो त्याची?

इथं एक कडू गोष्टही बोलायला हवी. रानातलं सगळंच बरोबर असतं असं मी मानत नाही, आणि मंडळानंही मानू नये. सापसंदाचं मूळ सर्पदंशावर उगाळून देतात. त्या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते मूत्रपिंडं निकामी करतं, हे आता जगभर सिद्ध झालं आहे. नाग किंवा मण्यार चावला तर प्रतिसर्पविषाची सुई, तीही लवकर, याला पर्याय नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईनं डंबा, म्हणजे डाग, देतात. त्याला परंपरा म्हणून पाठीशी घालणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही. माझ्या दुकानात सापसंद मागायला लोक येतात, मी ठेवत नाही. पण म्हणून भुमकाला, म्हणजे कोरकूंच्या वैदूला, नि पुजाऱ्याला अडाणी ठरवून मोकळं व्हायचं, हेही चूक. ज्याला बिबा माहीत आहे त्याला विषाची भीती शिकवावी लागत नाही. बिब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहा. तरी त्याच फळातून ही माणसं औषध काढतात, कारण किती, कशात मुरवून आणि कुणाला द्यायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे. आरोग्य विभागाचा डॉक्टर आणि गावचा जाणता एका बैठकीला बसले तर कोणता रोग गावात राहील आणि कोणता रोगी लगेच दवाखान्यात जाईल, याची यादी होऊ शकते. नोंदवहीत ती यादीही असावी. भारतीय गुणवत्ता परिषदेची पारंपरिक वैदूंसाठी ऐच्छिक प्रमाणपत्राची योजना आहे, हाडवैद्य, सुईण, कावीळवाले असे विषय पाडून. शेजारच्या छत्तीसगडनं आपल्या औषधी वनस्पती मंडळाच्या नावातच आदिवासींच्या स्थानिक आरोग्य परंपरांना जागा दिली. आपण का मागे राहावं?

आणि शिकणारा. पुजाऱ्याचा मुलगा हैदराबादकडे मिरची तोडायला जातो, नातू बुटीबोरीच्या कारखान्यात ठेक्यावर असतो. बापाबरोबर जंगलात जायला त्याला वेळ कुठला? मजुरी बुडेल. ग्रामसभेनं निवडलेल्या जाणत्याला शिकवण्याचं मानधन आणि त्याच्या मागं जंगलात फिरणाऱ्या दोन पोरांना विद्यावेतन, असं काही वर्षं चाललं तर ज्ञान चालत्या-बोलत्या माणसात राहील. आपण २०१४ मध्ये आलापल्लीच्या वनवैभवाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळवून दिलात, ती झाडं आज अभिमानानं दाखवतो. त्या झाडांना नावानं हाक मारणाऱ्या माणसासाठी अजून कुठला दर्जा नाही. पैसा कुठून येईल म्हणाल, तर लाभवाटपाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जमा रकमेचा ९५ टक्के भाग समित्या आणि लाभाचे हक्कदार यांच्याकडे जावा असं होतंच. मंडळाच्या वाट्याला ५ टक्के.

तो पैसा जमा होत नाही, कारण माल कुठून आला हे कुणालाच माहीत नसतं. इथं माझा धंदा येतो. माझ्याकडच्या पोत्यावर लिहिलेलं असतं मालाचं नाव, वजन आणि दलालाची खूण. गाव नाही. टेम्पो देवरीहून आला की कुरखेड्याहून की सीमेपलीकडून, पावतीवरून कळत नाही. मैदालकडीची साल पाहा. अगरबत्तीच्या लगद्यासाठी तिला एवढी मागणी की झाडं उभी सोलली गेली. ती कोणत्या जंगलातली होती हे बाजारात कुणी विचारलं नाही. माझी तिसरी मागणी त्यामुळं माझ्याच विरुद्ध आहे : काष्ठौषधींच्या खरेदीवर ग्रामसभेच्या नावाची पावती सक्तीची करा. ग्रामसभेनं दिलेला तुकडा पोत्याला बांधलेला असेल तरच मोठ्या खरेदीदारानं माल घ्यावा. सुरुवात पाच-सात मालांपासून करा, मुसळी, मैदालकडी, कुड्याची साल, कहूची म्हणजे अर्जुनाची साल, शतावरी. आमचा खर्च वाढेल, काही दलाल माझ्याशी बोलणं सोडतील, भाव थोडा चढेल. चढू द्या. आज एक किलो शतावरीतले रानात किती पोचतात ते मला माहीत आहे, म्हणून ही कुरकूर मला फारशी ऐकू येत नाही. ज्या गावाच्या पावतीचा माल वर्षानुवर्षं चांगला येतो, त्याला जास्त भाव द्यायला वैद्य आणि कारखानेदार दोघंही तयार होतील, हे मी गिऱ्हाइकांशी बोलून सांगतो. भेसळीनं त्यांचेही हात पोळलेले आहेत. अशोकाच्या नावानं बागेतल्या उंच खोट्या अशोकाची साल घेऊन बसलेले कारखानदार मी पाहिले आहेत.

मंडळानं पहिली बैठक बोलावली तर इतवारीतले चार-पाच जुने व्यापारी घेऊन मी येईन. खरेदीच्या जुन्या वह्या आणतो; कोणत्या मालाचा दर कधी चढला आणि कोणता माल कधीपासून येईनासा झाला, हे त्यांत दिसेल. जंगलाची ती एक नोंदच आहे, जरी नफ्यासाठी लिहिलेली असली तरी. त्या बैठकीत मात्र पुजारी, भुमका आणि साल काढणाऱ्या बायांना खुर्च्या आधी मिळाव्यात, आणि गोंडी, कोरकू, कोलामी समजणारा माणूस असावा. त्यांच्या येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात पडावी. धनादेश नंतर पाठवतो असं म्हणू नये.

एक व्यावहारिक विनंती. दुसऱ्या फेरीचं वेळापत्रक आर्थिक वर्षाकडे बघून आखू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी खर्ची घालायला पथकं निघाली तर रानात पळस दिसेल, मोह दिसेल, कंदवर्गीय काहीही दिसणार नाही. मुसळी, काळी मुसळी, रानहळद, केवकंद यांची पानं आषाढ ते भाद्रपद वर असतात. त्याच दिवसांत रोवणीही, म्हणजे भाताची लावणी, असते, माणसं चिखलात असतात. तेव्हा रोवणी आटोपल्यावर, श्रावणाच्या उत्तरार्धात पहिला फेरा घाला, आणि त्याच वाटेनं, त्याच माणसाबरोबर दुसरा फेरा मार्गशीर्षात. प्रस्तावित नमुना तक्ता त्याआधी, उन्हाळ्यातल्या ग्रामसभांपुढं वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचवलेले रकाने त्यात घालावेत.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
इतवारीतला एक काष्ठौषधी विक्रेता
नागपूर